काट्यावरच्या बाबूचे ईमेल

तो माणूस शहाणा होता की खुळा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढे आयुष्यभर खनिजाचा ट्रक हाकला. माणूस ओळखायची माझी रीत एकच. चढावर समोरून भरलेली गाडी आली की तो वाट देतो की हॉर्न वाजवतो, एवढं बघायचं. ह्या माणसाने गाडी कधी चालवलीच नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत माझा अंदाज लागला नाही.

लागला नाही म्हणून लिहितो आहे. माझी बायको गेली आणि ती गेल्यावरही तिच्या नावाने लोकांना ईमेल जात राहिले. ते ह्याने केलेलं काम. वाईट बुद्धीने केलं असं मी म्हणणार नाही. पण चांगल्या बुद्धीने केलं म्हणावं, तर तेही तोंडातून निघत नाही.

आम्ही ट्रकवाले त्याला काट्यावरचा बाबू म्हणायचो. डिचोलीच्या बाजूला खाण होती, तिथे भरलेल्या ट्रकचं वजन करायचा काटा होता, आणि काट्याच्या खोलीत खिडकीपाशी हा बसायचा. त्याचं काम म्हणजे वजन बघायचं, चिठ्ठी फाडायची, गाडी सोडायची. पण हा जनेलातून अर्धा बाहेर येऊन प्रत्येकाला विचारणार, "जेवलो मरे?" मागे गाड्यांची रांग लागलेली, धुरळा उडतोय, माणसं शिव्या देतायत, आणि ह्याला जेवणाची चौकशी. एकदा काटा बिघडला. साहेबाने सांगितलं, गाड्या सरळ सोडा. तरी हा हात करून एकेक गाडी थांबवायचा. मी म्हटलं, "अरे, काटो बंद आसा, थांबयतंस कित्याक?" तर म्हणतो, "वजन नाय जालां तर नाय. माणूस न बोलता गेलो तर माका जेवण जायना नाय."

बाकीचे हसायचे. मी हसलो नाही. मला त्याचा राग यायचा, कारण माझी खेप चुकायची.

मग खाण बंद पडली. माझा ट्रक अंगणात उभा राहून गंजला, मी पेडण्याला घरी बसलो. बाबूची खाणीच्या चाळीतली खोली गेली. त्याला बायको नाही, पोर नाही, डिचोलीत एक बहीण, तिचं घर आधीच भरलेलं. एक दिवस एसटीतून उतरला आणि आमच्या दारात उभा. हातात एक पेटी, छत्री आणि एक कॉम्प्युटर, तो घडी करून काखेत मारतात तसला. म्हणाला, "काका, तुमची रस्त्याकडची खोली रिकामी आसा अशें आयकलां." मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "हात-पाय धू, पेज घेतलंय." झालं. ठरलं.

तो आमच्याकडे जेवायचा नाही, स्वतः रांधायचा. पण ही रोज काहीतरी वाटीतून त्याला द्यायची. कधी कडधान्याचं तोंडाक, कधी भाज्यांचं खतखतें, कधी नुसती सोलकढी. पितळेची वाटी, तिच्या माहेरची. आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी कोणी रिकामी परत करत नाही. साखर घालतात, दोन मिरच्या घालतात, काही नसेल तर फूल घालतात. बाबूलाही हे ठाऊक होतं, पण त्याच्या घरात कधीच काही नसायचं. म्हणून तो हाताला लागेल ते घालायचा. एकदा टाचण्या आल्या. एकदा खनिजाचा दगड, तेल लावून चकचकीत केलेला. एकदा वाटीत कोंबडीचं पिल्लू आलं, ते आमचंच होतं. मी म्हटलं, "ह्याका डोक्याचो डॉक्टर दाखव." बायको म्हणाली, "त्याका कळता ना, रिकामी देवची न्हय. तुमका ते सुदीक कळना." तिने तो दगड देवळीत ठेवला, आणि पिल्लू कोंबडीखाली सोडलं.

आता ईमेलकडे येतो. मला ते नीट सांगता येणार नाही, जसं बघितलं तसं सांगतो.

बायको मिस्कूट घालायची. कोवळ्या कैऱ्यांना चार चिरा देऊन त्यात मसाला भरतात, ते आमच्याकडचं लोणचं. शिवाय सोलां, म्हणजे आमसुलं, आणि आंब्याची साठां. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेऊन बसायची. पुढे गुडघे गेले. बसायला जमेना, बसली तर उठायला जमेना. ती गप्प गप्प राहायला लागली. बाजार म्हणजे तिला विकायची जागा नव्हती, बोलायची होती. हे मला कळलं नव्हतं, बाबूला कळलं. एक दिवस मेजावर कॉम्प्युटर उघडून तिला म्हणाला, "काकी, गिऱ्हायकां बाजारात येतत ती आता हांगा येतली. तुमी फकत बोलात. मी बरयतां."

तसं सुरू झालं. ती पीठ मळताना, नारळ खोवताना बोलायची, हा लिहून घ्यायचा. मुंबई, पुणे, बेळगाव, कुठकुठची माणसं बरण्या मागवायला लागली. ती माणसं तिला काकी म्हणायची.

लिहायला बसायचा तेव्हाचा त्याचा अवतार बघण्यासारखा. वर पांढरा शर्ट, लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. खाली अर्धी चड्डी. मी विचारलं तर म्हणाला, "काका, ईमेलात खालचां दिसना." बायको म्हणाली, "मगे वयलां तरी खंय दिसता?" ह्यावर तो बराच वेळ विचार करत बसला. आणि चपला बाहेर काढल्याशिवाय तो कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. "ईमेल म्हळ्यार दुसऱ्याच्या घरात शिरप," म्हणायचा. "त्यांनी बोलयला नाय. आपणच गेल्यात. मगे चपलां भायर नको काढूक?" हे त्याचं नेहमीचं. कोणाचा जाहिरातीचा ईमेल आवडला नाही की म्हणायचा, "चपलां घालून आयलो."

लिहून झालं की खोलीच्या दारात उभा राहून, रस्त्याकडे तोंड करून, तो सगळा ईमेल मोठ्याने वाचायचा. रस्त्यावरचा एक तरी माणूस थांबला पाहिजे, नाहीतर पाठवायचा नाही. बहुतेक वेळा सायकलवरून पाव विकणारा पदेर थांबायचा. तो पोंपों वाजवत यायचा, ह्याचा आवाज ऐकला की एक पाय टेकून उभा. एकदा पदेर नुसता मान हलवून निघून गेला. बाबूने तो ईमेल फाडला. म्हणजे फाडता येत नाही, पण काय ते केलं.

ईमेल निरनिराळ्या जातींचे असतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला जातो तो स्वागताचा. बाबू त्याला पाण्याचा ईमेल म्हणायचा, कारण घरी आलेल्याला आपण आधी पाणी देतो, माल दाखवत नाही. त्यात लिहिलेलं असायचं, "मी पेडण्याची काकी. तुम्ही आलात, बरं वाटलं. बसा. लोणचं पळून जात नाही." तो कोणी पाठवायचा नाही. नाव आलं की आपोआप जायचा. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. मी म्हटलं, "ती आत चुलीकडे आसा, आणि तिकडे ती बसा म्हणता? मगे ह्यातली खरी खंयची?" बाबू म्हणाला, "दोनूय." मला अजून हे कळलेलं नाही.

मग गजालींचा ईमेल. लोक त्याला काहीतरी इंग्रजी नाव देतात, बातमीपत्र का काय. त्यात विकायचं काही नाही. विहिरीला पाणी किती आलं, घोरपड कुठे दिसली, कुठली कोंबडी खुडूक बसली, एवढंच. मी बाबूला विचारलं, "ह्यातून लोणचां कसां खपता?" म्हणाला, "खपना. पण माणसां येवन बसतत." आणि खपायचं.

सवलतीच्या ईमेलवरून मात्र दोघांचं भांडण झालं. बाबूने कुठेतरी वाचलं होतं की "शेवटच्या काही बरण्या, त्वरा करा" असं लिहायचं. ती चिडली. "फट कित्याक मारतंस? कोठीत बरण्यो भरून आसत!" फट म्हणजे खोटं. बाबू हिरमुसला. दुसऱ्या दिवशी त्याने लिहून आणलं, "ह्या शेवटच्या बरण्या नाहीत. अजून पुष्कळ आहेत. घाई करू नका." दारात वाचला, पदेर थांबला, ईमेल गेला. आणि लोकांनी इतकी घाई केली की कोठी रिकामी झाली. बाबू चार दिवस डोकं धरून बसला. त्याला ह्याचा अर्थ लागेना. मलाही नाही.

आणखी एक जात होती. कोणी पिशवीत माल घालून ठेवतो आणि न घेताच जातो, त्याला आठवण करणारा ईमेल. बाबूने ते समजावलं तेव्हा बायकोच्या हातातलं काम थांबलं. म्हणाली, "पिशवी ठेवून गेली? घरात कोण आजारी पडला आसतला." तिने तसंच लिहायला लावलं. "तुमची पिशवी इथे राहिली आहे, आम्ही ठेवली आहे. घरात सगळी बरी आहेत ना?" बेळगावच्या एका बाईचं उत्तर आलं की बरी नाहीत, सासू पडली आहे. त्या बाईने लोणचं घेतलं की नाही आठवत नाही. पण सासूची खबर आमच्या घरात महिनाभर चालू होती. जेवताना ही मला विचारायची, "बेळगावची म्हातारी उठून बसली मां?" जणू काही मला ठाऊक.

सगळ्यात मोठा गोंधळ बरण्यांचा. माल पोचला की गिऱ्हाईकाला विचारतात, कसा वाटला, तारे द्या. ही म्हणाली, "तारे कसले? चांदण्यो? माका नको. त्यांका सांग, बरणी परत करात आणि रिकामी करू नकात." ती थट्टेत बोलली. बाबूला थट्टा कळायची नाही. त्याने तसंच्या तसं लिहिलं. आणि बरण्या परत यायला लागल्या, भरलेल्या. पुण्याहून शेंगदाण्याची चटणी, बेळगावहून कुंदा, कुठून तरी सांडगे, एकीत नुसती पेन्सिल आणि लहान पोराने काढलेलं कोंबडीचं चित्र. कुरिअरवाला रडकुंडीला आला. मी बाबूवर ओरडलो, "हो धंदो की तुळशीचां लग्न?" तो म्हणाला, "काका, तुमीच म्हणता ना, आपल्याकडे रीत आसा म्हणून." मी कधी म्हटलं होतं? तिने म्हटलं होतं. पण त्याच्या डोक्यात आमची दोघांची तोंडं एकच होती.

मला ह्या ईमेलचा राग होता तो वेगळ्या कारणाने. ती त्यात माझ्याबद्दल सांगायची. सोलां सुकवायची सुपं मी पडवीच्या कट्ट्यावर ठेवायचो, शिडी लावून कौलांवर चढवायचा कंटाळा. कट्ट्यावर दुपारनंतर सावली येते. ती मला घरात सांगायचीच, पण एक दिवस म्हापशाच्या स्टँडवर एक अनोळखी बाई मला म्हणाली, "तुम्ही काकींचे ते ना? सुपं कौलांवर ठेवा हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन विचारलं, "जगाक सांगतंस?" ती म्हणाली, "तुमी आयकनात नाय. म्हटलां, कोणतरी आयकांदी."

ती श्रावणात गेली. सकाळी विहिरीवरून आली, धाप लागली म्हणाली, खुर्चीवर बसली आणि तशीच राहिली. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही.

तेरावा झाल्यावर एक दिवस तिचा फोन वाजला. तो मी बंद केला नव्हता, कसा करतात ठाऊक नव्हतं. पलीकडे ठाण्याची कोणीतरी बाई.

"काकी आहेत का?"

"नाय."

"बाहेर गेल्यात?"

"मेली."

मग म्हणाली, "कोण बोलतंय?"

"नवरो."

"अहो, असं काय बोलता! सकाळीच त्यांचा ईमेल आलाय मला. काळी कोंबडी खुडूक बसलीये म्हणून लिहिलंय त्यांनी."

मी पडवीतून बघितलं. कोपऱ्यातल्या डाल्यात काळी कोंबडी खुडूक बसली होती. इतके दिवस मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. पाच-सहा दिवस तरी बसली असावी. मला क्षणभर खरंच वाटलं की मीच काहीतरी चुकलो आहे. ती कुठेतरी आहे, बोलते आहे, आणि सगळ्यांना सांगते आहे, फक्त मला सोडून.

फोन तसाच धरून मी बाबूच्या खोलीत गेलो. तो बसला होता. चपला दाराबाहेर.

"अरे, तिनं आज ईमेल धाडलो?"

तो उठून उभा राहिला. "काका, पावसात वीज जाता म्हणून आमी गजाली आदीच भरून ठेवलल्यो. दिवस आयलो की यंत्र सोडता."

"आणि कोंबडी?"

"ती दर श्रावणात बसता. काकीक ठाऊक होतां."

"तुका ठाऊक होतां, ईमेल जातलो म्हणून?"

"होतां."

"मगे बंद कित्याक नाय केलो?"

तो खाली बघून म्हणाला, "बटण आसा. दाबूक जायना."

मी खूप बोललो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ब्रेक असून पाय न ठेवणारा ड्रायव्हर, असलं बरंच. लोक म्हणतील, बायकोची राख थंड झाली नाही आणि हे तिच्या नावाने लोणचं विकतात. तो एवढंच म्हणाला, "पाण्याचो ईमेल सुदीक जाता आजून. काल दोघांक गेलो. बसा म्हणून."

हे ऐकल्यावर मी त्याच्या दारातच बसलो. म्हणजे घरात नवीन माणसं येत होती, ती त्यांना बसा म्हणत होती, आणि चुलीपाशी कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, सगळं बंद कर. तो म्हणाला करतो, पण माणसांना काही न सांगता बंद केलं तर ती काय समजतील? रागावली समजतील. शिवाय आत अजून तीन गजाली शिल्लक होत्या. मी म्हटलं, वाच. त्याने वाचल्या. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीला काय काय बांधायचं. भाताच्या लोंब्या. आणि तिसरीत मी, पुन्हा सुपं, पुन्हा कट्टा. "आमच्या ह्यांना सांगून मी थकले. पुढच्या वर्षी मीच शिडी चढणार." गुडघे असले, आणि शिडी चढणार म्हणे. मला हसू आलं आणि मग ते थांबवता येईना. बाबू घाबरून पाणी घेऊन आला.

मी म्हटलं, "ह्यो धाडू नको. माझा मी सांगतंय ते बरय."

"कसलो म्हणून बरयू? पाण्याचो नाय, गजालीचो नाय, आठवणीचो नाय..."

"मेल्याचो."

"तसली जात नाय, काका. मी सगळीकडे सोदली."

"नसली तर नसांदी. बरय."

मग मी बोललो आणि त्याने लिहिलं. मला ते पाठ आहे, कारण त्याने ते दारात उभं राहून नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. ते असं होतं:

"मी काकीचा नवरा. काकी गेली. काल तुम्हाला तिचा ईमेल आला तो आधीचा होता, त्याला माझा इलाज नव्हता. आता मिस्कूट मिळणार नाही. मला घालता येत नाही. तुमच्याकडे तिच्या बरण्या असतील त्या धुऊन ठेवा. परत पाठवू नका. इथे भरायला कोणी नाही."

पदेर थांबला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून सायकलच्या हँडलला अडकवली. शेवटपर्यंत ऐकलं, मग पावाचे दोन उंडे जनेलावर ठेवले आणि पोंपों न वाजवता गेला. आम्ही उंडे मागितले नव्हते.

बाबूने बटण दाबलं. मग दुसरं दाबलं, ते सगळं बंद करायचं. मग चपला न घालताच विहिरीकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. आमच्या घरात त्या वर्षी चवथ नव्हती, पण माटोळीला म्हणून त्याने कुठून तरी लोंब्या आणल्या आणि तशाच कोपऱ्यात ठेवून दिल्या. मी विचारलं नाही.

बरण्या परत पाठवू नका म्हणून सांगितलं होतं, तरी आल्या. बेळगावच्या बाईची आली, तिच्यात तांदूळ होते. आतून एक चिठी, सासू उठून बसली म्हणून. ते सांगायला मी स्वयंपाकघरात गेलो आणि मधल्या दारात थांबलो.

दिवाळीनंतर बाबूला डिचोलीहून बोलावणं आलं. कुठलीशी खाण परत सुरू होत होती, काट्यावर माणूस पाहिजे होता. जाताना पेटी, छत्री, कॉम्प्युटर. माझ्या फोनवर ईमेल कसा उघडायचा ते मला दहा वेळा शिकवलं. पायरी उतरला, परत वर आला, म्हणाला, "काका, काकीची वाटी माझ्याकडे रवली. त्या दिसाची. आत घालूक काय मेळूक नाय." ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दिलेली वाटी. मी म्हटलं, रिकामी दे. तो म्हणाला, "रिकामी कशी दिवची?" आणि घेऊन गेला.

त्याच्यानंतर फोनवर ईमेल यायला लागले. काट्यावरून सुटला की तो आता आणखी दोघा-तिघांचे ईमेल लिहायचा. एक काजूवाला, एक मातीची भांडी करणारी बाई. त्याने माझं नाव सगळीकडे घातलेलं. "नमस्कार काका, कसे आहात?" "काका, बरेच दिवस दिसला नाहीत." मी उत्तर देत नव्हतो. बाबू विचारतो आहे की यंत्र विचारतं आहे, हे मला कसं कळणार? कोंबडीच्या वेळी एकदा फसलो होतो. "कसे आहात" असं कोणी विचारलं तर पूर्वी मी सांगायचो. आता आधी विचार करतो, हे कधी भरून ठेवलेलं आहे.

चैत्र संपता संपता डिचोलीच्या गाडीच्या कंडक्टरने म्हापशाला आमच्या गावच्या माणसाकडे एक पुडकं दिलं, ते मला पोचलं. आत पितळेची वाटी, वर केळीचं पान बांधलेलं. वाटीत मिस्कूट. बाबूने स्वतः घातलेलं. कैऱ्यांना चिरा वाकड्या, मसाला बाहेर आलेला. मी बोट लावून बघितलं. इतकं खारट की कान बधिर झाले. हा माणूस इतकी वर्षं तिच्या तोंडून शब्दन् शब्द लिहून घेत होता, आणि मीठ किती ते त्याला कळलं नाही. मी ते सगळं खाल्लं. पेजेबरोबर थोडं थोडं करून. मग वाटी चिंचेने घासली आणि फळीवर पालथी घातली.

तिथेच राहिली. मी काय घालणार होतो वाटीत? मला काही येत नाही. फूल घालून गाडीने पाठवलं तर डिचोलीपर्यंत सुकणार.

परवा पुन्हा फोन किणकिणला. चष्मा शोधून उघडला. नमस्कार नाही. कसे आहात नाही. कुठल्या जातीचा तेही कळेना. एवढंच लिहिलेलं होतं:

"काका, वाटी तुमच्याकडे आसा."

मी दोनदा वाचला. मग फोन ठेवला. यंत्राला वाटी ठाऊक नाही. ती कोणी त्यात भरून ठेवलेली नाही. हे लिहिणारा काट्याच्या जनेलातून अर्धा बाहेर आलेला तोच माणूस.

परसात भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाखाली लाल सडा पडला होता, यंदा कोणी उचलायला नव्हतं. मी टोपलीभर उचलली, फोडली, सालं रसात आणि मिठात बुडवली, जशी तिला सोलां करताना बघत होतो तशी. मीठ थोडं कमीच घातलं. सुपात पसरली. कट्ट्यावर ठेवायला गेलो आणि थांबलो.

मग शिडी लावली. सुपं कौलांवर आहेत.